धोट्यांचा पक्षी

प्रिय बाळ,

फोटो पाहिले. मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेणारे लाकडी धोटे तू भंगारातून आणलेस, त्यांचा पक्षी केलास आणि त्याला सोनेरी रंग दिलास. मेहनत दिसते. पण धोटे दिसेनात, ही माझी तक्रार.

रंग न लागलेला एखादा धोटा उरला असेल, तर हातात घे. दोन्ही टोकांचं लोखंड ठोके खाऊन खाऊन गुळगुळीत झालंय. सूत बाहेर पडतं त्या भोकाजवळ बारीक चरे पडलेत बघ. लाकूड सुतानं कापलंय गं! किती चादरी उतरल्या असतील तेव्हा कुठे एवढी रेघ उमटली. कोरीवकाम आधीच झालेलं होतं, तू ते रंगानं बुजवलंस.

पिकासोनं 1942 मध्ये सायकलचं सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं, ते तुझ्या मनात असणार. पण तिथे सीट सीटच राहतं. बैल आणि सायकल एकदमच दिसतात. फ्रेंच कलावंत मार्सेल द्युशाँनं तर 1914 मध्ये बाटल्या वाळवायचं लोखंडी स्टँड विकत घेतलं आणि काहीही न करता तेच कलाकृती म्हणून निवडलं. आवड नाही, नावडही नाही, अशीच वस्तू तो शोधायचा. इथे मात्र मी त्याचं ऐकत नाही. सोलापूरच्या पूर्व भागात, घराघरांत माग खडखडले तिथे, धोट्याकडे अलिप्तपणे कोण बघेल? बिनधोट्याचे माग आले, म्हणून तर हे भंगारात पडले.

भारतीय कलावंत शीला गौडा यांचं 'डार्करूम' (2006) शोधून बघ. रस्त्याच्या कामावरचे डांबराचे ड्रम आणि पत्रे रचून केलेली खोली. वाकून आत शिरायचं, वर बारीक भोकांतून चांदण्यांसारखा उजेड. डांबराचा काळेपणा त्यांनी पुसला नाही.

पक्षी सोडून दे. चादरीच्या पन्ह्याएवढं अंतर मोज, दोन टोकांना दोन धोटे ठेव, मध्ये काहीच नको. उंची माग चालवणाऱ्याच्या हाताची. आणि प्रदर्शनाआधी ते एखाद्या जुन्या विणकराला दाखव. तो गप्प राहिला तरी त्याचे हात कुठे जातात ते बघ.

रंग थिनरनं हलक्या हातानं काढ. पॉलिश पेपर अजिबात लावू नकोस, चरे जातील.

तुझे,
सर