विज्ञान-तंत्रज्ञान : क्लासच्या नोट्स घ्याव्यात का?

आपण लिहिले आहे की, इतिहास घेऊन बी.ए. झाले, राजारामपुरीतल्या अभ्यासिकेत राज्यसेवेची तयारी चालू आहे, बाकीचे विषय हाती आले आहेत. परंतु विज्ञान-तंत्रज्ञान काही केल्या डोक्यात शिरत नाही, म्हणून एका क्लासच्या जाडजूड नोट्स विकत घ्याव्यात का? मीही कला शाखेचाच आणि कोल्हापुरातच तयारी केलेला असल्यामुळे आपली अडचण वाचताक्षणी ओळखीची वाटली. अभ्यासक्रम, राज्य मंडळाची क्रमिक पुस्तके, मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका यांविषयी आपल्याला माहिती असणारच, म्हणून त्यात शिरत नाही.

नोट्स घेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. सगळेच क्लास वाईट असतात असे मला म्हणायचे नाही. मी माझ्या अनुभवापुरतेच बोलतो आहे. मी ज्या क्लासला जात होतो, तेथील एका सराव परीक्षेत नाविक या आपल्या दिशादर्शन प्रणालीवर प्रश्न होता आणि उत्तरतालिकेत तिचे सर्व उपग्रह भूस्थिर कक्षेत असल्याचे छापले होते. प्रत्यक्षात या प्रणालीच्या मूळ रचनेत सात उपग्रह असून त्यांपैकी तीन भूस्थिर, तर चार विषुववृत्ताच्या पातळीशी कललेल्या भूसमकालिक कक्षेत आहेत. इस्रोच्या संकेतस्थळावरचे पान छापून मी कार्यालयात नेले, तेव्हा तेथील गृहस्थांनी अर्ज द्या म्हणून सांगितले. अर्ज दिल्यावर, सर पुण्याला असतात, ते आले की बघू, असे उत्तर मिळाले. आणि पुढच्या तुकडीला तीच उत्तरतालिका, त्याच चुकीसह, नव्या मुखपृष्ठात बांधून वाटण्यात आली. फी गेल्याचे मला तितकेसे दुःख नाही. पण एक चूक अशी उघडी पडली की उरलेल्या पानांवरचाही विश्वास उडतो, आणि पूर्वपरीक्षा तोंडावर आलेली असताना माणूस उजळणी सोडून एकेक ओळ पडताळत बसतो. माझे सर्वांत मोठे नुकसान झाले ते तेथे. चूक दाखवल्यावर ती दुरुस्त न करणाऱ्या संस्थेला मुलांच्या वर्षांची किंमत कळत नाही, असे मी आजही ठामपणे म्हणेन.

भूस्थिर आणि भूसमकालिक कक्षांतला हा फरक समजून घेतला असता तर पाठांतराची गरजच नव्हती. पृथ्वीला स्वतःभोवती फिरायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्याच वेळात एक फेरी पूर्ण करणारा उपग्रह भूसमकालिक होय. त्याची कक्षा वर्तुळाकार आणि नेमकी विषुववृत्तावर असेल, तर तो सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर एकाच जागी थांबल्यासारखा दिसतो आणि तो भूस्थिर. आपल्या गच्चीवरची टीव्हीची तबकडी एकदा दक्षिण-आग्नेयेकडे तोंड करून बसवली की पुन्हा हलवावी लागत नाही, याचे कारण तेच. कक्षा कललेली असेल, तर उपग्रह दिवसभरात उत्तरेकडे व दक्षिणेकडे सरकतो आणि जमिनीवरचा त्याचा माग इंग्रजी आठच्या आकड्यासारखा उमटतो. एवढे कळले की विधानांच्या जोड्या लावणारा प्रश्न कसाही फिरवून विचारला, तरी गुण जात नाहीत. आणि चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाच्या एक चतुर्थांश गुण कापले जात असताना हे फार महत्त्वाचे आहे.

म्हणून क्षेपणास्त्रांच्या पल्ल्यांच्या याद्या घोकण्याऐवजी थोडे विषय घ्या, पण ते मुळापासून घ्या. कोल्हापूरच्या विद्यार्थ्याला इथेनॉल हा विषय तर घरचाच आहे. कारखान्यात साखर काढून उरलेल्या मळीतील शर्करेवर यीस्टची प्रक्रिया होऊन इथेनॉल तयार होते. सी-हेवी म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या मळीत साखर कमी उरलेली असते, बी-हेवी म्हणजे त्याआधीच्या टप्प्यातल्या मळीत अधिक, म्हणून बी-हेवीकडे वळले की इथेनॉल वाढते आणि साखरेचे उत्पादन घटते. ऊर्ध्वपातनानंतरही उरलेले पाणी काढून टाकावे लागते, कारण पाण्याचा अंश वाढला तर पेट्रोलमधले मिश्रण वेगळे होते. यालाच जोडून आसवनीचे (डिस्टिलरीचे) सांडपाणी, जैवरासायनिक ऑक्सिजन मागणी (सांडपाण्यातली घाण कुजवताना जिवाणू पाण्यातला जेवढा ऑक्सिजन वापरतात तो) आणि पंचगंगेतले मासे का मरतात हे वाचा. पुढे २०१८ चे जैवइंधन धोरण आणि वीस टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट २०३० वरून २०२५-२६ वर का आणले, हे पाहा. एकाच विषयातून रसायनशास्त्र, पर्यावरण, शेती आणि अर्थव्यवस्था अशी चारही दारे उघडतात. लसींचेही तसेच : कोव्हॅक्सिनमध्ये निष्क्रिय केलेला विषाणू आहे, तर कोव्हिशिल्डमध्ये दुसऱ्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूवरून जनुकीय संदेश पोहोचवला जातो, हा फरक कळला की, विषाणूऐवजी जनुकीय संदेशच थेट देणारी एमआरएनए लस समजायला वेळ लागत नाही.

एक खुलासा करतो. माझी मुख्य परीक्षा वस्तुनिष्ठ होती. २०२५ च्या राज्यसेवेपासून ती वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे उत्तरलेखनाबाबत नव्याने उत्तीर्ण झालेल्यांचे मत अधिक ग्राह्य धरावे. मात्र कार्यकारणभाव समजल्याशिवाय वर्णनात्मक उत्तर लिहिताच येत नाही, त्यामुळे वर सांगितलेली पद्धत तेथे अधिकच उपयोगी पडेल, असे मला वाटते.

नोट्स आधीच घेतल्या असतील, तर त्या फेकू नका. कोणते विषय वाचायचे, याची अनुक्रमणिका म्हणून वापरा. अंतराळासाठी इस्रोचे संकेतस्थळ आणि सरकारी योजनांसाठी पत्र सूचना कार्यालयाची (पीआयबी) निवेदने उघडून तारीख व आकडा ताडून पाहा, आणि जुळला नाही तर समासात लाल शाईने दुरुस्ती करून मगच पान उलटा.