पावतीपुस्तक छापण्याआधी

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या प्लगिनच्या, म्हणजे नकाशांच्या सॉफ्टवेअरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामच्या, पुढच्या कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करावेत असं तुझ्या मनात आहे, हे वाचून मला खरंच आनंद झाला. गेल्या उन्हाळ्यात पाच गावांच्या पाणलोट आराखड्यांसाठी मी तुझं प्लगिन वापरलं. शेततळी, नालाबांध, सलग समतल चर यांच्या मोबाइलवर टिपलेल्या जागा क्यूजीआयएस या नकाशांच्या खुल्या सॉफ्टवेअरमध्ये गावनकाशावर बसवायच्या आणि गटनंबरनिहाय तक्ता काढायचा, या कामात आमच्या कार्यकर्त्यांचा आठवडा जायचा. आता एक दुपार पुरते. अशा कामाला पैसे मिळायला हवेत, यात मला शंका नाही. ते कसे मागावेत आणि घेतल्यावर आपल्यावर काय येतं, हे मात्र तुला आत्ताच सांगायला हवं, कारण यात मी एकदा चुकले आहे.

तू सगळीकडे क्राउडफंडिंग लिहिलं आहेस. मला आपला ‘लोकवर्गणी’ शब्द जवळचा वाटतो, कारण त्यात काय अपेक्षित आहे ते गावातल्या शाळकरी पोरालाही कळतं. शाळेची खोली बांधायची असली की गाव वर्गणी काढतं, आणि पावतीपुस्तक कोणाच्या हातात द्यायचं हे आधी ठरवतं. ज्याचा मागच्या वर्षीचा हिशेब लोकांनी पाहिलेला असतो, त्याच्या हातात. तो घरोघरी फिरतो तेव्हा त्याला फार बोलावं लागत नाही.

सॉफ्टवेअरमध्येही हे तसंच घडलेलं आहे. जँगो ही पायथन या प्रोग्रामिंग भाषेतली वेबसाइट बांधायची चौकट तुला माहीत आहेच. डेटाबेसची रचना बदलली की जुना डेटा नव्या रचनेत नेण्याची सोय त्यात मुळात नव्हती. अँड्र्यू गॉडविन यांनी २००८ मध्ये त्यासाठी ‘साउथ’ नावाची जोडणी लिहिली आणि ती वर्षानुवर्षं सांभाळली. २०१३ मध्ये ही सोय जँगोच्या गाभ्यातच नीट बांधण्यासाठी त्यांनी किकस्टार्टर या वर्गणी गोळा करण्याच्या संकेतस्थळावर २,५०० पाउंड मागितले. जमले १७ हजार ९०० पाउंडांच्या वर. सप्टेंबर २०१४ मध्ये जँगो १.७ आलं तेव्हा ती सोय त्यात होती. देणाऱ्यांनी पाच वर्षं साउथ वापरलेलं होतं, माणूस पारखलेला होता, आणि मागणी एका वाक्यात सांगता येईल इतकी नेमकी होती.

याउलट डायस्पोराची गोष्ट बघ. २०१० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या चार विद्यार्थ्यांनी खासगीपणा जपणाऱ्या समाजमाध्यमासाठी १० हजार डॉलर मागितले आणि त्यांच्या पदरात २ लाखांहून जास्त पडले. लोकांनी दिले ते एका स्वप्नासाठी, कारण वापरून पाहावं असं तेव्हा काहीच तयार नव्हतं. काही महिन्यांनी पहिला कोड बाहेर आला तेव्हा त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी लगेच दाखवल्या गेल्या, आणि २०१२ मध्ये प्रकल्प समुदायाच्या हाती सोपवला गेला. त्या मुलांना मी दोष देत नाही. वीसपट पैसा आला की अपेक्षाही वीसपट येतात, आणि त्या पेलायला चार विद्यार्थ्यांचे खांदे पुरत नाहीत.

तुझ्या पत्रात तू तीन कामं मांडली आहेस: क्यूफील्ड या मोबाइल अ‍ॅपमधून येणाऱ्या नोंदी थेट आत घेणं, देवनागरीत नीट छापता येणारा तक्ता, आणि जुन्या फॉन्टमधल्या नोंदींचं युनिकोडमध्ये रूपांतर. माझं ऐक, यातलं एकच घे. देवनागरी तक्ता घे. आमच्या प्रत्येक बैठकीत कार्यकर्ते तोच मागतात, कारण ग्रामसभेत इंग्रजी तक्ता वाचून दाखवता येत नाही. शेपफाइल या नकाशाच्या फाइलप्रकारात रकान्याच्या नावाला दहा बाइटच मिळतात आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे ‘गट क्रमांक’ लिहायला गेलं तर ‘गट क’ लिहून होताच जागा संपते. हे दुखणं ज्याने भोगलं आहे त्याला तुझं आवाहन पहिल्या ओळीत समजेल. जुन्या फॉन्टचं काम फार मोठं आहे. प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, जोडाक्षरांची गुंतागुंत वेगळी. ते आत्ता मागशील तर अडकशील.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी असंच एक प्लगिन लिहिलं आणि ओळखीच्या लोकांकडून वर्गणी काढली. साठ हजारांच्या आसपास जमले. काम वेळेत झालं, लोक खूश झाले, पैसे संपले. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये क्यूजीआयएस ३.० आलं. पायथन २ जाऊन ३ आलं, खिडक्या-बटणं दाखवणारं क्यूटी ४ जाऊन ५ आलं, आतल्या कितीतरी फंक्शनांची नावं बदलली आणि आमचं प्लगिन उघडेना. आमच्यातला एकजण नोकरीसाठी परगावी गेला होता, दुसरा वडिलांच्या आजारपणात गुंतला होता, आणि मला क्यूटीचं काम धड येत नव्हतं. ज्यांनी पाचशे-हजार रुपये दिले होते ते विचारत होते, ‘ताई, नवीन आवृत्तीत कधी चालणार?’ मी ‘बघते’ म्हणत राहिले. दुरुस्ती व्हायला दीड वर्ष लागलं. तोवर निम्मे लोक पुन्हा कागदी नकाशांकडे वळले होते. पैसे कशावर खर्च झाले हेही आम्ही कुठे लिहून ठेवलं नव्हतं. कोणी संशय घेतला नाही, पण विचारलं असतं तर माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. ते अजून मला टोचतं.

म्हणून तुझ्या अंदाजपत्रकाकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं. तू लिहिलंस: २०० तास, तासाला ८०० रुपये, एकूण १ लाख ६० हजार. हे फक्त कोड लिहिण्याचे तास झाले. चाचण्या, मराठीतली मदतपुस्तिका आणि लोकांच्या शंकांना उत्तरं यासाठी ८० तास धर, म्हणजे ६४ हजार. पुढची दोन वर्षं क्यूजीआयएसच्या नव्या आवृत्त्यांबरोबर प्लगिन चालतं ठेवायला वर्षाला ६० तास धर, म्हणजे आणखी ९६ हजार. बेरीज ३ लाख २० हजार. त्यावर पैसे गोळा करणाऱ्या सेवेचा वाटा आणि कर. तुझ्या आकड्याच्या दुपटीहून पुढे गेलो आपण, आणि यात मी काहीच फुगवलेलं नाही. क्यूजीआयएसची नवी आवृत्ती साधारण दर चार महिन्यांनी येते, हे विसरू नकोस.

एवढा आकडा सांगायला तुला संकोच वाटेल. तो बाजूला ठेव. ‘दोन वर्षांची देखभाल यात धरली आहे’ असं स्पष्ट लिहिलंस, तर जाणता माणूस त्या ओळीमुळेच पैसे देईल. नवं वैशिष्ट्य म्हटलं की सगळ्यांना हुरूप येतो. डागडुजीसाठी मात्र कोणी आपणहून पुढे येत नाही. म्हणून ती याच आवाहनात मागून घ्यायची.

पैसे देणार कोण, याबद्दलही तुझा अंदाज मला पटत नाही. तू एकशे साठ जणांकडून हजार-हजार रुपये धरले आहेत. तुझं प्लगिन वापरणारे बरेचसे विद्यार्थी आणि तालुक्याच्या ठिकाणी तुटपुंज्या मानधनावर काम करणारे लोक आहेत. त्यांच्याकडून शंभर रुपये आले तरी मोठी गोष्ट समज, आणि ते आनंदाने घे. मुख्य भार उचलायला हवा तो संस्थांनी. क्यूजीआयएसच्या जगात ही रीत रुळलेली आहे. इंग्लंडची लुट्रा कन्सल्टिंग आणि ऑस्ट्रेलियाची नॉर्थ रोड या कंपन्या कामाचा तपशील, रक्कम आणि अंतिम तारीख जाहीर करतात आणि वापरणाऱ्या संस्थांकडून आधी फक्त वचन घेतात. ठरलेली रक्कम गाठली तरच पैसे घ्यायचे. २०२१ मध्ये क्यूजीआयएस ३.१८ मध्ये लिडारचे पॉइंट क्लाउड, म्हणजे लेसरने मोजलेल्या असंख्य बिंदूंच्या फाइली, उघडू लागले, ते याच दोन कंपन्यांनी होबू या तिसऱ्या कंपनीच्या साथीने चालवलेल्या अशा मोहिमेतून. ही पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. अर्धेच पैसे जमले आणि अर्धंच काम झालं, तर कोणाचंच समाधान होत नाही.

आपल्याकडच्या संस्थांची आणखी एक अडचण असते, ती मी आतून पाहिलेली आहे. प्रकल्पाच्या निधीतून त्यांना देणगी देता येत नाही. त्यासाठी लेखाशीर्षच नसतं. बिल मात्र भागवता येतं. म्हणून त्यांच्याकडे देणगी मागू नकोस. ‘देवनागरी तक्ता विकसित करणे व दोन वर्षे देखभाल, सहभागाची रक्कम ४० हजार’ असं दरपत्रक दे. तेच काम, तोच कोड, सगळ्यांसाठी खुलाच राहणार, फक्त कागद त्यांच्या लेखापालाला चालेल असा. अशा सात-आठ संस्था तुझ्या वापरकर्त्यांत नक्की आहेत. त्यांतल्या तीन मी ओळखते.

पैसे येण्याच्या वाटा थोडक्यात सांगते. किकस्टार्टरवर भारतातून मोहीम काढता येत नाही. पेपॅलने देशांतर्गत व्यवहार १ एप्रिल २०२१ पासून बंद केले. कार्डावरून दरमहा आपोआप पैसे जाण्याचे रिझर्व्ह बँकेचे नियम त्याच वर्षी ऑक्टोबरपासून कडक झाले, तेव्हा छोट्या मासिक वर्गण्यांच्या भरवशावर राहू नकोस. देशातल्या लोकांसाठी यूपीआय उत्तम. वेगळं बँक खातं उघड, घरखर्चाच्या खात्यात एक रुपयाही घेऊ नकोस. नातेवाईक नसलेल्यांकडून वर्षभरात मिळून ५० हजारांवर भेट मिळाली की ती सगळीच रक्कम करपात्र होते. परदेशातून आलेली देणगी आणि परदेशी ग्राहकाला दिलेल्या सेवेचं बिल यांतही कायदा फरक करतो. आवाहन जाहीर करण्याआधी एकदा सीएकडे जाऊन ये.

झेरोधा या शेअर दलाली कंपनीने खुल्या सॉफ्टवेअरसाठी २०२४ मध्ये सुरू केलेल्या फ्लॉस फंडाबद्दल तू विचारलंस. वर्षाला १० लाख डॉलर बाजूला काढण्याचं त्यांनी जाहीर केलं, आणि एका प्रकल्पाला १० हजार ते १ लाख डॉलर मिळू शकतात. भारतातून असं काही उभं राहिलं याचा मला अभिमान वाटतो. पण तो निधी आधीच खूप ठिकाणी वापरात असलेल्या, अनेकांचा आधार बनलेल्या प्रकल्पांसाठी आहे. तू अजून तिथवर पोचलेला नाहीस. तुझं काम पाणलोटवाल्यांच्या वर्गणीतून होईल असं आहे, आणि तसंच व्हावं.

वर्गणी दिली की काही लोक हक्क सांगतात, याची तयारी ठेव. एखादी संस्था म्हणेल, आम्ही ४० हजार दिले, आता आमच्या बोधचिन्हाचा तक्ता आधी बनव. दुसरी म्हणेल, सहा महिने फक्त आम्हालाच वापरू दे. क्यूजीआयएसची प्लगिनं जीपीएल या खुल्या परवान्याखाली असतात. एकदा प्रसिद्ध केलेलं सगळ्यांचं होतं, न देणाऱ्यांचंही. हे आवाहनातच लिही, पैसे हातात आल्यावर सांगू नकोस. कामाच्या यादीत काय आहे तेही लिही आणि काय नाही तेही. ‘नाही’ची यादी लिहिताना हात अडखळेल, तरी लिही. पुढचे निम्मे वाद तिथेच मिटतात.

आणि एक विचार मनात ठेव. प्लगिनमधलं जे सगळ्यांच्या उपयोगाचं आहे ते क्यूजीआयएसच्या गाभ्यातच घालता येईल का, हे तिथल्या विकसकांना आधी विचार. पुराच्या मॉडेलचे निकाल दाखवणारं लुट्राचं क्रेफिश प्लगिन असंच होतं. त्यातला मुख्य भाग २०१८ च्या सुमारास मेश लेयर (जाळीच्या रूपातला नकाशाचा थर) म्हणून गाभ्यात गेला. तिथे गेलं की देखभाल एकट्याच्या डोक्यावर राहत नाही. मात्र तुझा कोड दुसऱ्यांनी तपासून स्वीकारायला वेळ लागतो. त्याचे तासही अंदाजपत्रकात धर. गटनंबरचा भाग आपल्यापुरता आहे, तो प्लगिनमध्येच राहू दे. देवनागरी छपाईत काही दोष सापडले तर ते मात्र गाभ्यातच दुरुस्त व्हायला हवेत. हिंदी, नेपाळी, कोकणीवाल्यांनाही त्याचा उपयोग होईल.

हिशेबाचं सांगून थांबते. जोई हेस या प्रोग्रामरने २०१२ मध्ये गिट-अ‍ॅनेक्स या फाइली सांभाळणाऱ्या आपल्या खुल्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी ३ हजार डॉलर मागितले आणि त्याच्या कितीतरी पट जमले. पुढे वर्षभर ते त्या दिवशी काय केलं, काय अडलं, हे जवळजवळ रोज जाहीर लिहीत राहिले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा मागितलं, आणि लोकांनी पुन्हा दिलं. तुला रोज जमणार नाही, नोकरी सांभाळून तर नाहीच. पंधरा दिवसांतून एकदा लिही: किती तास झाले, किती रुपये खर्ची पडले, काय राहिलं. काम रखडलं असेल तेव्हा तर नक्की लिही. मी गप्प राहिले होते.

त्या तीन संस्थांचे फोन नंबर वेगळे पाठवते. आधी त्यांच्याशी बोल, देवनागरी तक्त्याचा कच्चा नमुना दाखव, आणि त्यांच्या ग्रामसभेत तो चालेल का विचार. त्यांचं म्हणणं कळलं की आवाहनाचा मसुदा घेऊन रविवारी घरी ये, आपण ओळ न् ओळ बसून पाहू.

तुझी,
ताई