करारावर सही करायच्या आधी

बाय,

काल तुझा मेसेज वाचला आणि रात्रभर तेच डोक्यात फिरत राहिलं. कॉम्प्युटर इंजिनिअरिंग करायचंय, कॉलेजवाल्यांनी वर्षाला लाखाच्या वर फी सांगितली आणि म्हणून बाबा कलमांची बाग पाच वर्षांच्या कराराने द्यायला निघालेत. त्यांना आधी म्हणावं, जरा थांबा. ऑफिसात तोंडी सांगतात तो आकडा सगळ्यांनाच भरावा लागतो असं नाही, आणि तुला तर बहुतेक नाहीच लागणार.

2024-25 पासून आपल्या राज्यात मुलींना व्यावसायिक कोर्सेसची ट्युशन फी आणि परीक्षा फी 100% माफ आहे. घरचं उत्पन्न वर्षाला 8 लाखांच्या आत हवं, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीत बसायला हवीस आणि ॲडमिशन कॅप राउंडमधूनच, म्हणजे सरकारच्या सामायिक प्रवेश फेरीतूनच, झालेली हवी. ही शेवटची अट घट्ट धरून ठेव, कारण मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीस की माफी गेली, अभिमत (डीम्ड) विद्यापीठात घेतलीस तरी गेली, आणि एजंट हे कधीच सांगत नाहीत, ते फक्त सीट आजच बुक करा म्हणतात.

दुसरं टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्युशन फी माफीच्या खास जागांची योजना. प्रत्येक ब्रँचला मंजूर जागांच्या वर 5% जागा असतात, ट्युशन फी माफ, प्रवर्ग बघत नाहीत, फक्त उत्पन्न 8 लाखांच्या आत आणि मेरिट. पण कॅपच्या ऑप्शन फॉर्ममध्ये, जिथे कॉलेज-ब्रँचची पसंती क्रमाने भरतात, त्याचा कोड वेगळा असतो, शेवटी टी असलेला, तो वेगळा भरावा लागतो. आपल्याकडची कितीतरी मुलं नुसतं कॉलेजचं नाव भरून मोकळी होतात आणि जागा हातची जाते, मला ह्याचं फार वाईट वाटतं. ह्या सीटवर नंतर कॉलेज किंवा ब्रँच बदलता येत नाही, तेव्हा क्रम विचार करून लाव.

आणि दाखले आत्ताच काढ. माझ्या वेळी बाबांचं नाव रेशनकार्डावर एक आणि सातबाऱ्यावर एक निघालं. ऐन पाऊस, लाईट गेलेली, सेवा केंद्राच्या पडवीत तीन दिवस बसले मी, कागद दुधाच्या पिशवीत गुंडाळून पोटाशी धरलेले, आणि उत्पन्नाचा दाखला हातात पडला तेव्हा मुदत संपून एक दिवस झाला होता. मार्क होते, सीट होती, एक कागद नव्हता. त्या वर्षी आईच्या पाटल्या गेल्या. म्हणून सांगते, सगळ्या कागदांवरची नावं आजच जुळवून बघ, अक्षरन् अक्षर.

आता कॉलेज. लोणेऱ्याचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ वरच्या नंबरात ठेव, सरकारी आहे आणि आपल्याच कोकणात आहे. रत्नागिरीतही आता सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे, तिथे कोणत्या ब्रँच आहेत ते बघून घे. खाजगी कॉलेजची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या साईटवर दिसते, ऑफिसात सांगितलेल्या आकड्याशी ताडून बघ. डेव्हलपमेंट फी, खोलीभाडं, मेस हे माफीत येत नाही. ते चार वर्षांचं वहीत मांड आणि बाबांना दाखव, हॉस्टेलसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्त्याची योजना आहे, सरकारच्या महाडीबीटी साईटवर तिच्या अटी वाच.

मनासारखी सीट नाही लागली तर रत्नागिरीच्या गोगटे-जोगळेकरमधलं बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स कमी समजू नकोस. घरून एसटीने जा-ये केलीस तर खर्च खूपच वाचतो, पुढे एमसीए आहेच. बीसीए म्हणत असशील तर त्यालाही आता वेगळी सीईटी लागते. आयआयटी मद्रासची ऑनलाईन बीएस डिग्री पण आहे, जेईई लागत नाही, त्यांची क्वालिफायर ही पात्रता परीक्षा पास व्हावी लागते, उत्पन्न कमी असेल तर फीत मोठी सवलत मिळते, परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन. दर आठवड्याला असाइनमेंट असतात आणि गणित भरपूर, पावसात आपल्याकडे नेटची काय गत होते तुला माहितीये, तो विचार करूनच ठरव.

दाखला निघाला की फोटो पाठव, ऑप्शन फॉर्म आपण फोनवर एकत्र भरू. आणि बाबांना माझा निरोप दे, कॅपची अलॉटमेंट लागेपर्यंत करारावर सही नको.

तुझी ताई