मिलानला निघण्यापूर्वी

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र मिळाले. एप्रिलमध्ये दहा दिवसांसाठी मिलानला जायचे तुझे नक्की ठरले, हे वाचून मनापासून आनंद झाला. पत्रासोबत पाठवलेले वेळापत्रकही मी दोनदा वाचले. सालोने देल मोबिले या फर्निचर प्रदर्शनाचे चार दिवस, शहरातली सत्तावीस मांडणीशिल्पे, अकरा शोरूम आणि उरलेल्या वेळात संग्रहालये, असा तुझा बेत आहे. तू मत विचारले आहेस म्हणून स्पष्ट सांगतो: ही यादी निम्म्याने कमी कर. परदेशात पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला काही सुटून जाईल अशी धास्ती असते, तशी मलाही होती. पण इटलीचे डिझाइन घाईने पाहिले, तर त्यातले फक्त दिसणे हाती लागते, आणि ते तर तुला इथे बसल्याजागीही पाहता येते.

सुरुवात मेट्रोपासून कर. मिलान मेट्रोचा पहिला, म्हणजे लाल मार्ग 1964 साली सुरू झाला. त्याची स्थानके फ्रांको आल्बिनी आणि फ्रांका हेल्ग या वास्तुरचनाकारांनी केली आणि पाट्या ग्राफिक डिझाइनर बॉब नूर्दा यांनी. जुन्या स्थानकांपैकी एखाद्या ठिकाणी उतर आणि जिन्याचा लाल कठडा हाताने धरून सावकाश वर जा. तो जाड लोखंडी नळीचा आहे. हात खालपासून वरपर्यंत सरकत जातो आणि वाटेत कुठे काही टोचत नाही. शेवटी नळी कापून सोडलेली नसून ती वळवून परत आत घेतली आहे. नूर्दांनी स्थानकाचे नाव भिंतीवरच्या पट्ट्यावर थोड्या थोड्या अंतराने पुन्हा पुन्हा लिहिले, कारण गाडीत बसलेल्या माणसाला खिडकीतून जो तुकडा दिसेल त्यात नाव सापडले पाहिजे. या कामाला त्याच वर्षी कोंपासो दोरो हा इटलीतला डिझाइनचा सर्वांत मानाचा पुरस्कार मिळाला. रोज लाखो लोक तो कठडा धरतात आणि कोणालाही तो डिझाइन वाटत नाही. तुझ्या दहा दिवसांची सुरुवात अशा वस्तूने व्हावी अशी माझी इच्छा आहे.

दुसरी जागा म्हणजे डिझाइनर आक्किले कास्तिल्योनी यांचा स्टुडिओ. तो आता त्यांच्या नावाची संस्था सांभाळते. आधी वेळ ठरवून जावे लागते, म्हणून निघण्यापूर्वीच पत्ता विचारून नोंदणी कर. आक्किले आणि त्यांचे थोरले बंधू पिएर जाकोमो यांनी एकत्र काम केले. पिएर जाकोमो 1968 साली गेले, आक्किले 2002 पर्यंत होते. कपाटांमध्ये त्यांनी जमवलेल्या शेकडो साध्या वस्तू दिसतील: चष्मे, खेळणी, हत्यारे. यातल्या कित्येकांच्या कर्त्याचे नाव कोणालाच माहीत नाही. याच वस्तू घेऊन ते विद्यार्थ्यांना शिकवायला जात असत.

त्या दोघांचा आर्को दिवा तू पुस्तकात पाहिलाच आहेस. 1962 सालचा, फ्लोस कंपनीने बनवलेला. प्रश्न असा होता की जेवणाच्या टेबलावर वरून उजेड हवा, पण त्यासाठी छताला भोक पाडायचे नाही आणि टेबल हलवले तर दिवाही हलला पाहिजे. रस्त्यावरचा दिवा खांबावरून वाकून उजेड टाकतो, तसा पोलादी कमानीचा हा दिवा जमिनीवरून उठून टेबलावर झुकतो, आणि कमान एवढी पुढे येते की वाढणाऱ्या माणसाला टेबल आणि खांब यांच्यामधून जाता येते. तो कलंडू नये म्हणून तळाशी कारारा संगमरवराचा सुमारे 65 किलोंचा ठोकळा आहे. त्याच्या कडा मारलेल्या आहेत, म्हणजे चालताना पाय लागला तरी जखम होणार नाही. आणि ठोकळ्याला आरपार एक गोल छिद्र आहे. पहिल्या भेटीत मी या दिव्याची तीन छायाचित्रे काढली आणि ते छिद्र शोभेचे आहे असे समजून पुढे गेलो. ते झाडूचा दांडा घालण्यासाठी आहे: दांडा आरपार घातला की दोन माणसे दोन्ही बाजूंनी धरून दिवा उचलून दुसरीकडे ठेवू शकतात. हे कळल्यावर मला जे वाटले ते मी आजही विसरलेलो नाही. दिवा घरात येतो त्या दिवसाचाच विचार त्या दोघांनी केला नव्हता; घर बदलण्याच्या दिवसाचाही केला होता.

त्याच स्टुडिओत दिव्याच्या वायरीवर बसवायचा एक छोटा स्विच मागून घेऊन पाहा. दोघा भावांनी 1968 साली केलेला हा स्विच पुढे दशकानुदशके विजेच्या सामानाच्या साध्या दुकानांतून विकला गेला, आणि घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कर्त्याचे नाव माहीत होते. आक्किले यांना याचाच अभिमान होता. डोळे मिटून तो अंगठ्याने चालू-बंद कर. अंधारात चाचपडणाऱ्या हातासाठी तो केलेला आहे, हे बोटांना लगेच कळते.

आता तुला वर्गात कधी न सांगितलेली एक चूक सांगतो. त्या पहिल्या प्रवासातून परतल्यावर मी मिलानचे वास्तुरचनाकार जिओ पोंती यांच्या सुपरलेजेरा खुर्चीने इतका भारावलो होतो की रत्नागिरीच्या एका घरासाठी तशाच बारीक पायांच्या सहा खुर्च्या सागवानात करून दिल्या. दिसायला त्या सुरेख होत्या. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांचे सांधे हलू लागले आणि एक खुर्ची घरातल्या आजींच्या खाली मोडली. सुदैवाने त्यांना इजा झाली नाही. आमच्या कारखान्यातल्या वयस्कर मिस्त्रींनी मोडलेला पाय हातात घेऊन निरखला आणि म्हणाले, "साहेब, तिकडचं लाकूड वेगळं, हवा वेगळी. आपण फक्त पाय बारीक केले." सगळ्या खुर्च्या मी नव्याने करून दिल्या, पण त्या वाक्याचे ओझे पुष्कळ दिवस राहिले.

मग मी त्या खुर्चीचा अभ्यास केला, तो जाण्यापूर्वीच करायला हवा होता. तिचे मूळ लिगुरियाच्या किनाऱ्यावरच्या कियावारी या गावात, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून बनणाऱ्या हलक्या खुर्चीत आहे. पोंतींनी तीच परंपरा हाती घेतली आणि कास्सिना या फर्निचर कंपनीच्या कारागिरांबरोबर वर्षानुवर्षे ती घासूनपुसून नेमकी केली. 1952 मध्ये लेजेरा आली आणि 1957 मध्ये सुपरलेजेरा, जिचे वजन जेमतेम 1.7 किलो आहे आणि जी एका बोटाने उचलता येते. तिचे पाय अवघ्या 18 मिलिमीटरचे आणि छेदात त्रिकोणी आहेत. लाकूड ॲश नावाच्या झाडाचे, लांब धाग्यांचे आणि लवचीक, म्हणून बारीक असूनही ते ताण पेलते. बैठक वेताने विणलेली आहे, आणि वेताला इटालियन भाषेत 'कान्ना दिंदिया', म्हणजे हिंदुस्थानचा वेत, म्हणतात हे कळले तेव्हा मला फार बरे वाटले. त्या खुर्चीचा बारीकपणा लाकडाच्या जातीतून, सांध्याच्या कसबातून आणि अनेक वर्षांच्या चुका-दुरुस्तीतून आला होता. मी त्यातला फक्त आकार उचलून आणला.

म्हणून एक दिवस ब्रिआंझासाठी राखून ठेव. मिलानच्या उत्तरेला मेदा, कांतू, लिस्सोने अशी गावे आहेत, जिथे पिढ्यान्‌पिढ्या लाकूडकाम चालत आले आहे. कास्सिना मेदाचीच, काडोर्ना स्थानकावरून लोकल गाडीने तासाभराच्या आत तिथे पोचता येते. तिथली जुनी पद्धत अशी की एक कारखाना सांगाडा करतो, दुसरा गादीकाम, तिसरा पॉलिश, आणि डिझाइनर या सगळ्यांकडे चकरा मारत आपले रेखाचित्र सुधारत जातो. मालक आणि कारागीर 'हे असे होणार नाही, पण असे करून पाहू' म्हणतात, आणि त्या वाक्यातून वस्तू घडते. मला तर वाटते, इटालियन डिझाइन म्हणून जगात जे ओळखले जाते त्याचा अर्धा वाटा या वाक्याचा आहे. एखाद्या छोट्या कारखान्याला आधी पत्र पाठवून विनंती कर. मोठ्यांकडून नकार आला तर छोट्यांना विचार. आपल्या कामाविषयी आस्थेने विचारणाऱ्या तरुण माणसाला कारागीर सहसा परत पाठवत नाही, हा माझा इथला आणि तिथला दोन्हीकडचा अनुभव आहे.

सालोनेविषयी थोडेच लिहितो. 1961 पासून भरणारे हे प्रदर्शन आता शहराबाहेर रो येथे असते आणि ते इतके अफाट आहे की दुसऱ्या दिवशी डोळे काही घेईनासे होतात. तुझ्यासाठी त्यातला सालोने सातेलिते हा विभाग महत्त्वाचा. 1998 पासून तिथे 35 वर्षांखालील डिझाइनरांचे काम मांडले जाते. ती मुले आपल्या वस्तूंशेजारी स्वतः उभी असतात आणि बोलायला उत्सुक असतात. तिथे पूर्ण दिवस घालव. शहरातल्या मांडणीशिल्पांपुढच्या लांब रांगांत मात्र उभी राहू नकोस. गाड्यांच्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांनी उभारलेले ते देखावे छायाचित्रांपुरते असतात. तो वेळ त्रिएन्नाले या कला-डिझाइन संस्थेच्या इमारतीतल्या इटालियन डिझाइन संग्रहालयाला आणि एडीआय या इटलीतल्या औद्योगिक डिझाइन संघटनेच्या, 2021 साली उघडलेल्या संग्रहालयाला दे. दुसऱ्यात कोंपासो दोरो मिळालेल्या 1954 पासूनच्या वस्तू आहेत.

आजच्या इटालियन डिझाइनरांपैकी फोर्माफान्तास्मा या नावाने काम करणाऱ्या आंद्रेआ त्रिमार्की आणि सिमोने फारेझिन यांच्याकडे तू नीट लक्ष द्यावेस, असे मला फार वाटते. लंडनच्या सर्पेंटाइन कलादालनात 2020 साली त्यांनी 'कांबियो' हे प्रदर्शन केले. त्याचा विषय होता लाकडाचा जगभरचा धंदा: झाड कुठे तोडले जाते, कोण विकतो, कायदा काय म्हणतो. त्याआधीच्या 'ओर स्ट्रीम्स' या कामात त्यांनी टाकून दिलेल्या संगणकांचा आणि फोनांचा पाठपुरावा केला. ही उपकरणे शेवटी कोण उघडतो, त्याला आतला घातक भाग ओळखू येतो का, ती सहज सुटी व्हावीत म्हणून डिझाइनरने आधीच काय करायला हवे, हे प्रश्न त्यांनी विचारले. आपल्याकडे साकीनाक्याच्या आणि कुर्ल्याच्या गल्ल्यांत ज्यांचे हात दिवसभर हेच काम करतात, त्यांना पाहिलेल्या माणसाला हे प्रश्न परके वाटणार नाहीत. मला यात आणि झाडूच्या दांड्याच्या छिद्रात एकच काळजी दिसते. कास्तिल्योनींनी दिवा उचलणाऱ्या हाताचा विचार केला, हे दोघे उपकरण फोडणाऱ्या हाताचा करतात.

वाचायला वेळ मिळाला तर इटालियन डिझाइनर एन्झो मारी यांच्या 1974 सालच्या 'आउतोप्रोजेत्तात्सिओने'चे नकाशे बघून जा. साध्या फळ्या आणि खिळे घेऊन कोणालाही टेबल, पलंग, खुर्ची करता यावी म्हणून त्यांनी ते टपालखर्चात वाटले होते. जाण्यापूर्वी त्यातले एक टेबल तू स्वतःच्या हाताने ठोकून पाहिलेस, तर तिथल्या प्रत्येक वस्तूकडे तुझी नजर वेगळी जाईल.

सोबत टेप आणि वही असू दे. एखादी वस्तू आवडली की आधी वाकून तिची खालची बाजू पाहा, मग मापे घे, मग चित्र काढ, आणि छायाचित्र सर्वांत शेवटी. शोरूममध्ये किंमत विचारण्यापूर्वी विचार की खोळ कशी काढायची, तुटलेला भाग मिळतो का, दुरुस्ती कोण करतो. उत्तर देणाऱ्याचा चेहराही पाहा.

माझ्यासाठी काही आणायचे का, असे तू विचारले आहेस. माझ्याकडे बियालेत्तींचा तीन कपांचा मोका आहे, 1933 पासून बनत आलेला तोच अष्टकोनी ॲल्युमिनियमचा कॉफीपात्र. वीस वर्षे मी रोज सकाळी तो वापरतो. त्याचे रबराचे वॉशर झिजले आहे आणि वाफ बाजूने निसटते. तिथल्या कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात ते अजून मिळते. तीन कपांच्या मापाची दोन वॉशर आण.

तुझे
सर