बंद केला, बंद पडला, बंद पाडला

प्रश्न असा आहे: सर्व्हर, डिस्क आणि नेटवर्कची उपकरणे सांभाळणाऱ्या एका सॉफ्टवेअरचे मराठीकरण चालू आहे. त्यात स्टॉप, डिसेबल, शटडाउन, डाउन या सगळ्यांना 'बंद' हाच शब्द येऊन बसतो. मग 'निष्क्रिय', 'अक्षम', 'स्थगित' असे शब्द त्यांच्यात वाटून द्यावेत का?

माझ्या मते देऊ नयेत, आणि 'अक्षम' तर मुळीच नको. मराठीत अक्षम म्हणजे ज्याच्या अंगात ती कुवतच नाही तो. डिसेबल केलेल्या सर्व्हिसची, म्हणजे मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामची, कुवत शाबूत असते. मशीन सुरू होताना तिने आपोआप उठायचे नाही, एवढेच ठरवलेले असते. 'निष्क्रिय'ही फसवा आहे, कारण डिसेबल केलेली सर्व्हिस त्या घटकेला जोरात चालू असू शकते.

लिनक्सवरचे सिस्टीमडी, म्हणजे सर्व्हिस सुरू-बंद करणारी व्यवस्था, घ्या. तिथे स्टॉप केले की सर्व्हिस आत्ता थांबते, पण ती एनेबल असेल तर रीबूटनंतर पुन्हा उठते. नुसते डिसेबल केले तर चालू सर्व्हिसला धक्काही लागत नाही, पुढच्या बूटला मात्र ती आपणहून उठत नाही. मास्क केली तर हातानेसुद्धा सुरू करता येत नाही. पहिल्या दोन्ही बटणांवर 'बंद करा' लिहिले, तर रात्रपाळीचा माणूस डेटाबेस बंद केला असे समजून डिस्क काढायला जाईल आणि डेटाबेस त्याच डिस्कवर लिहीत असेल. म्हणून स्टॉपला सरळ 'थांबवा' म्हणावे. डिसेबलसाठी क्रियापद शोधत बसण्यापेक्षा 'बूट होताना आपोआप सुरू: होय / नाही' अशी ओळ द्यावी. मास्कला 'सुरू करण्यास मनाई'.

नेटवर्कच्या बाबतीत मात्र 'बंद' सोडायची गरज नाही, कारण खरा फरक मराठी त्याच्या पुढच्या क्रियापदातून दाखवते. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर बंद पडल्या की बंद पाडल्या, यावर गिरणगावात अजून वाद होतो, आणि तो एका काना-मात्रेचा वाद नाही हे प्रत्येक मराठी माणसाला कळते. कोणी केले, आपोआप झाले की मुद्दाम घडवले, हे सगळे त्या एका क्रियापदात येते.

सिस्कोच्या स्विचवर, म्हणजे नेटवर्कच्या केबली जोडायच्या यंत्रावर, नेमके हेच भेद लागतात. पोर्ट 'ॲडमिनिस्ट्रेटिव्हली डाउन' दिसला, तर कोणीतरी शटडाउन ही कमांड देऊन तो बंद केलेला आहे. केबल तपासण्यात अर्थ नाही. नुसता 'डाउन' असेल तर तो बंद पडलेला आहे: केबल निघाली, खराब झाली किंवा पलीकडचे यंत्र झोपले. तिसरी अवस्था 'एरर-डिसेबल्ड', म्हणजे नको ते उपकरण जोडलेले पाहून किंवा दुसरा काही बिघाड ओळखून स्विचनेच पोर्ट बंद पाडला आहे. याला मी 'स्विचने बंद पाडला' असेच लिहीन, कर्त्यासकट. इथे 'बंद केला' आणि 'बंद पाडला' यांची गल्लत झाली, तर माणूस जो सहकारी जबाबदारच नाही त्याला फोन लावील.

डिस्कच्या बाबतीत एकच शब्द मला खरोखर छळतो: रेडची, म्हणजे अनेक डिस्क जोडून केलेल्या संचाची, 'डिग्रेडेड' अवस्था. याला 'निकृष्ट' लिहिलेले पाहिले की वाईट वाटते. निकृष्ट धान्य असते, निकृष्ट बांधकाम असते. इथे डिस्कचा दर्जा उतरलेला नाही. संचातली एक डिस्क गेली आहे आणि उरलेल्यांवर काम चालू आहे. वाचणाऱ्याला दोन गोष्टी कळायला हव्यात: डेटा अजून मिळतो आहे आणि संरक्षण घटले आहे. रेड ५ मध्ये आता आणखी एक डिस्क गेली तर डेटा गेलाच. रेड ६ मध्ये एक डिस्क गेल्यावरही आणखी एक जाण्याइतकी सवलत उरते. म्हणून 'डिस्क कमी, काम चालू' हे चार शब्द मला बरे वाटतात, आणि त्याच ओळीत कोणत्या कप्प्यातली डिस्क गेली तो क्रमांक यावा.

माउंट, पार्टिशन, पोर्ट, इंटरफेस हे शब्द तसेच ठेवा. सर्व्हर रूममध्ये मराठी माणसे तेच बोलतात: 'डिस्क माउंट कर', 'पोर्ट उठला का बघ'. माउंटला 'चढवणे' सुचते खरे, पण मराठी विकिपीडियावर 'संचिका चढवा' म्हणजे अपलोड, त्यामुळे ती जागा अडलेली आहे.