संभाजीनगरात भाड्यानं फ्लॅट घ्यावा का रो हाऊस?

तुम्ही लिहिलंय की पुढच्या महिन्यात परभणीहून संभाजीनगरला यायलोय, नोकरी वाळूज एमआयडीसीत, सोबत बायको आणि तीन वर्षांची पोरगी, बजेट 10 हजार, तर फ्लॅट बघावा का रो हाऊस आणि कुठं. मी इथं आठ वर्षांत चार घरं बदलली म्हणून जरा सविस्तर सांगतो.

दादा, आधी भाडं नका विचारू, पाणी विचारा. जायकवाडी धरण पन्नासेक किलोमीटरवर आहे पण शहरात नळाला रोज पाणी येत नाही, मधे किती दिवस जातात ते भागाभागावर आहे आणि उन्हाळ्यात ते अजून लांबतं. मालकाला विचारलं की तो पाण्याचा काही प्रॉब्लेम नाही असंच सांगणार, त्यामुळं शेजारच्या घरातल्या काकूंना विचारा, नळ कितव्या दिवशी येतो, किती वेळ चालतो, टिल्लू (नळाला लावायचा छोटा पंप) लावल्याशिवाय पाणी चढतं का, मे महिन्यात टँकर लागला होता का.

माझं दुसरं घर इथल्याच सातारा परिसरात होतं, नवी बिल्डिंग, तिसरा मजला, भाडं पण कमी. डिसेंबरात बघितलं तेव्हा बोअरला भरपूर पाणी होतं, मार्च संपता संपता बोअर आटलं आणि मग टँकर सुरू झाले, त्याची वर्गणी प्रत्येक फ्लॅटमागं वेगळी, आणि टँकर चुकला त्या दिवशी खालून कळशा भरून आणायच्या. बायकोला तेव्हा सहावा महिना चालू होता, एक दिवस कामावरून आलो तर ती कळशी घेऊन जिन्यात बसलेली दिसली, त्याच आठवड्यात आम्ही घर सोडलं. करारात पाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं, मालकानं मुदतीआधी सोडलं म्हणून डिपॉझिटातून एक महिन्याचं भाडं कापून घेतलं. तेव्हापासून टँकरचा खर्च कोणाचा हे मी करारात लिहूनच घेतो.

म्हणून माझं मत रो हाऊसच्या बाजूनं आहे. खाली स्वतःचा हौद असतो, नळ आला की आपणच भरून ठेवायचा, कोणाशी वाटणी नाही. पण हौदाचं झाकण उघडून बघा, केवढा आहे आणि शेवटचा कधी धुतला, आणि तुमची पोरगी लहान आहे तर त्या झाकणाला कुलूप बसतं का ते नक्की बघा. आतला जिना पण बघा, बऱ्याच ठिकाणी तो लई उभा असतो आणि कठड्याच्या गजांमधून लेकरू निसटंल एवढी जागा असते. फ्लॅटच आवडला तर सगळ्यात वरचा मजला नको, मे महिन्यात स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेला राहतो.

भाग म्हणाल तर वाळूजसाठी बजाजनगर सगळ्यात जवळ. शहरातच राहायचं असंल तर पडेगाव किंवा छावणीकडची बाजू बघा, सिडको किंवा गारखेड्यात घर घेतलं तर रोज अख्खं शहर ओलांडावं लागंल. ती बाजू शेंद्रा, चिकलठाण्याच्या एमआयडीसीत जाणाऱ्यांना सोयीची. कंपनीची बस असंल तर ती कुठं थांबते ते आधी विचारा आणि मग घर शोधा.

घर पसंत पडलं की त्याच्या महावितरणच्या बिलावरचा ग्राहक क्रमांक घेऊन विजेची आधीची थकबाकी बघून घ्या, याला पाच मिनिटं पण लागत नाहीत.

आता करार. इथं बरेच मालक स्टॅम्पपेपरवर नोटरी करून देतात आणि 11 महिन्यांचाच आहे, रजिस्टर करायची गरज नाही म्हणतात. हे चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणं करार लेखी आणि रजिस्टर लागतो, जबाबदारी मालकाची, नाही केला तर त्याला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. खर्च पण फार नाही, 10 हजार भाडं आणि 30 हजार डिपॉझिट धरलं तर 11 महिन्यांची स्टॅम्प ड्युटी तीनशेच्या आसपास आणि मनपा हद्दीत नोंदणी फी 1 हजार. एजंट घरी येऊन दोघांचे अंगठे घेतो, काम तिथंच होतं. मालक खर्चाला कुरकुरला तर अर्धे तुम्ही भरा पण रजिस्टरच करा, कारण उद्या पोरीला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळेत राखीव ठेवलेल्या) 25 टक्के जागांत टाकायचं म्हटलं तर पत्त्यासाठी भाडेकरार रजिस्टर केलेलाच मागतात, नोटरीचा कागद चालत नाही.