लॉटरीच्या उत्पन्नातून सरकारी शिक्षण आणि शिष्यवृत्त्या चालवणे योग्य आहे का?

अमेरिकेतील अनेक राज्ये लॉटरीचे उत्पन्न शाळांना आणि शिष्यवृत्त्यांना देतात, तर हा मार्ग चांगला आहे का आणि महाराष्ट्रानेही तो धरावा का, असे आपण विचारले आहे. मी बरीच वर्षे जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेकडील एका उपनगरात राहतो आणि माझ्या मुलीच्या पदवीचे शुल्क इथल्या लॉटरीच्या पैशातून भरले गेले. या योजनेचे ऋण मी मनापासून मानतो. तरीही माझे उत्तर असे आहे की, कायदा काळजीपूर्वक केला तर लॉटरीचा पैसा शिक्षणापर्यंत खरोखर पोहोचतो, पण तो कोणाच्या खिशातून निघतो आणि कोणाच्या घरी पोहोचतो हे तपासले की शिक्षणाच्या नावाने नवी लॉटरी काढा असे सांगण्यास मन धजत नाही.

पहिली अडचण अंदाजपत्रकाची आहे. अमेरिकेत आधुनिक काळातील पहिली राज्य लॉटरी १९६४ मध्ये न्यू हॅम्पशायरने सुरू केली, आणि तीही शाळांसाठीच. त्यानंतर राज्यामागून राज्ये याच कारणाने या वाटेला लागली, कारण करवाढीला विरोध करणारा मतदार मुलांच्या शिक्षणासाठीच्या लॉटरीला सहज मत देतो. मात्र लॉटरीतून शंभर कोटी आले म्हणून शिक्षणावरील खर्च शंभर कोटींनी वाढेलच असे नाही. विधिमंडळ सर्वसाधारण महसुलातून शाळांना देत असलेली रक्कम हळूहळू कमी करू शकते, वाचलेला पैसा रस्त्यांकडे किंवा करसवलतीकडे वळवू शकते, आणि हिशेबाच्या वहीत लॉटरीची संपूर्ण रक्कम शिक्षणावर खर्च झाल्याचेच दिसते. फ्लोरिडाच्या लॉटरीबद्दल हीच तक्रार वर्षानुवर्षे होत आली आहे. कॅलिफोर्नियात मतदारांनी १९८४ मध्ये शाळांसाठी लॉटरीला मंजुरी दिली, पण तिथल्या शालेय खर्चात लॉटरीचा वाटा साधारण एक टक्क्याच्या आसपास आहे. दुर्दैवाने शाळांचा खर्च लॉटरीतून भागतो अशी समजूत लोकांमध्ये पसरते, आणि शाळांसाठी कर वाढवण्याचा प्रस्ताव आला की तीच समजूत आड येते.

जॉर्जियाने ही पळवाट ओळखून ती बंद करण्याचा प्रयत्न केला, आणि म्हणूनच या राज्याचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. झेल मिलर यांनी १९९० ची गव्हर्नरपदाची निवडणूक शिक्षणासाठी लॉटरी या मुद्द्यावर लढवली आणि जिंकली. चर्चसंस्थांचा विरोध असूनही १९९२ मध्ये राज्यघटना दुरुस्तीचा प्रस्ताव निसटत्या बहुमताने संमत झाला आणि जून १९९३ मध्ये तिकीटविक्री सुरू झाली. लॉटरीचा पैसा शिक्षणाच्या चालू खर्चात भर घालण्यासाठी वापरावा, त्या खर्चाची जागा घेण्यासाठी नव्हे, हे बंधन सुरुवातीपासून घालण्यात आले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा पैसा शाळांच्या सर्वसाधारण अनुदानात न मिसळता तोवर अस्तित्वातच नसलेल्या कार्यक्रमांना दिला गेला. त्यांत महाविद्यालयाचे शुल्क भरणारी होप शिष्यवृत्ती आणि चार वर्षांच्या मुलांसाठी मोफत पूर्वप्राथमिक वर्ग हे दोन प्रमुख होत. कार्यक्रमच नवा असल्याने जुन्या तरतुदीला कात्री लावून तिथे लॉटरीची रक्कम दाखवणे अवघड झाले. तुटीच्या वर्षासाठी राखीव निधी ठेवणेही बंधनकारक आहे. आज ही लॉटरी दरवर्षी साधारण दीड अब्ज डॉलर शिक्षणाला देते आणि आजवर वीस लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना होपचा लाभ मिळाला आहे. ही कामगिरी मोठी आहे, ती नाकारण्याचे कारण नाही.

आता ही शिष्यवृत्ती कोणाला मिळते ते पाहू. शाळेत मुख्य विषयांमध्ये चारपैकी तीन गुणांची सरासरी राखणाऱ्या राज्यातील विद्यार्थ्याला ती मिळते, आणि पुढे महाविद्यालयातही तीच सरासरी टिकवावी लागते. आरंभी कुटुंबाच्या उत्पन्नाला ६६,००० डॉलरची मर्यादा होती. ती लगेच १,००,००० डॉलरवर नेली गेली आणि १९९५ मध्ये पूर्णपणे काढून टाकण्यात आली. त्या दिवसापासून अटलांटाच्या श्रीमंत उपनगरातील डॉक्टरची मुलगी आणि दक्षिण जॉर्जियातील शेतमजुराचा मुलगा एकाच निकषावर मोजले जाऊ लागले. वरवर हा न्याय वाटतो, पण खासगी शिकवणी, चांगली शाळा आणि संध्याकाळी अभ्यासाला मोकळा वेळ या तिन्ही गोष्टी कोणाच्या वाट्याला येतात हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. शिवाय सुरुवातीच्या वर्षांत गरीब विद्यार्थ्याला मिळणारे केंद्राचे पेल अनुदान त्याच्या होपमधून वजा केले जाई; म्हणजे ज्याला गरज अधिक, त्याच्या हातात होपची रक्कम कमी. अर्थशास्त्रज्ञ सुझन डायनार्स्की यांनी २००० मध्ये दाखवले की, होपमुळे महाविद्यालयात जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले ते प्रामुख्याने मध्यम आणि उच्च उत्पन्नाच्या घरांत, आणि त्यामुळे गोऱ्या व कृष्णवर्णीय तरुणांमधील अंतर उलट रुंदावले.

दुसऱ्या बाजूला तिकिटे कोण घेतो? कमी उत्पन्नाची कुटुंबे आपल्या मिळकतीचा तुलनेने मोठा हिस्सा लॉटरीवर घालवतात, हा निष्कर्ष अमेरिकेत अभ्यासांमागून अभ्यासांत निघाला आहे. खास जॉर्जियाविषयी रॉस रुबेनस्टाइन आणि बेंजामिन स्कॅफिडी यांनी २००२ मध्ये दोन्ही बाजूंचा हिशेब एकत्र मांडला. कमी उत्पन्नाची आणि गोरेतर कुटुंबे तिकिटांवर अधिक खर्च करतात व त्यांना लाभ कमी मिळतो, असे त्यातून दिसले, आणि होपच्या बाबतीत ही तफावत विशेष होती. आमच्या भागातील कोणत्याही गॅस स्टेशनवर, म्हणजे पेट्रोलपंपावर, गल्ल्याशेजारी खरवडून निकाल पाहायच्या स्क्रॅच तिकिटांची भिंत असते. कामावरून थेट आलेला माणूस तिथे वीस डॉलर मोजतो तेव्हा त्यातला काही भाग माझ्यासारख्या पगारदाराच्या मुलीच्या शुल्कात जमा होतो. हे मला पटत नाही, आणि लाभार्थी असल्यामुळेच ते स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते.

२०११ मध्ये ही विषमता आणखी ठळक झाली. शुल्क आणि विद्यार्थिसंख्या दोन्ही वाढल्याने पैसा पुरेना, तेव्हा गव्हर्नर नेथन डील यांच्या काळात होपमधून पूर्ण शुल्क भरणे थांबले आणि पुस्तकांचा भत्ताही गेला. त्याच वेळी ३.७ सरासरी आणि सॅट या महाविद्यालय प्रवेशासाठीच्या परीक्षेत १२०० गुण मिळवणाऱ्यांसाठी पूर्ण शुल्काची वेगळी झेल मिलर शिष्यवृत्ती आली. म्हणजे टंचाईच्या काळात उत्पन्नाची मर्यादा परत आणण्याऐवजी गुणांची अट वाढवली गेली. होपचे पूर्ण शुल्क २०२३-२४ पासून पुन्हा मिळू लागले, पण मधल्या बारा वर्षांत शिकलेल्या मुलांना उरलेले शुल्क कर्ज काढून किंवा नोकरी करून भरावे लागले. पदवीच्या अखेरच्या टप्प्यात पैशाअभावी अडलेल्यांसाठी गरजेवर आधारित छोटे अनुदान राज्याने २०२२ मध्ये मंजूर केले. ते स्वागतार्ह असले तरी फार उशिरा आले.

या सगळ्यात मला निःसंकोच चांगला वाटतो तो पूर्वप्राथमिक कार्यक्रम. १९९५ पासून तो चार वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी खुला आहे. तिथे गुणपत्रिका लागत नाही, आणि अक्षरओळख होण्याच्या वयात गरीब घरच्या मुलाला प्रशिक्षित शिक्षिका मिळते. एखाद्या राज्यात लॉटरी आधीपासून असेल आणि ती बंद होण्यासारखी नसेल, तर तिचा पैसा अशा वर्गांना आणि उत्पन्न पाहून दिल्या जाणाऱ्या शिष्यवृत्त्यांनाच जावा, असे माझे मत आहे.

पैसा गोळा करण्याचे साधन म्हणूनही लॉटरी महागडी आहे. जॉर्जियाच्या कायद्यात शक्यतो ३५ टक्के रक्कम शिक्षणाला द्यावी असे उद्दिष्ट आहे. प्रत्यक्षात विक्रीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढीच रक्कम पोहोचते. बहुतेक पैसा बक्षिसांत जातो, उरलेल्यातून दुकानदारांचे कमिशन, छपाई आणि जाहिरात भागते. साध्या कराच्या वसुलीला इतका खर्च येत नाही. शिवाय उत्पन्न वाढवायचे तर नागरिकांना अधिक खेळायला लावावे लागते, आणि हे काम शिक्षण देणाऱ्या सरकारनेच करायचे असते.

महाराष्ट्राची स्वतःची राज्य लॉटरी १९६९ पासून आहे, त्यामुळे आपला प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. केरळने २०११ मध्ये कारुण्य लॉटरी काढून तिचे उत्पन्न गरीब रुग्णांच्या उपचारांशी जोडले; तसे शिक्षणाशी जोडणे कायद्याने अशक्य नाही. पण सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी लागतो, त्यामुळे राज्याच्या हाती निव्वळ नफा म्हणून फार मोठी रक्कम उरेल अशी अपेक्षा ठेवता येत नाही. राखीव हेतूच्या पैशाचा आपला अनुभवही विसरू नये. केंद्राने २००७ मध्ये माध्यमिक व उच्च शिक्षणासाठी एक टक्का उपकर लावला, पण त्यासाठीचा स्वतंत्र निधी दहा वर्षे उभारलाच गेला नाही, आणि महालेखापरीक्षकांनी त्यावर बोट ठेवले.

याउलट शहरी मालमत्तांवर शिक्षण उपकर बसवणारा कायदा महाराष्ट्राने १९६२ मध्येच केला आहे. तो भार घर किंवा गाळा बाळगणाऱ्यांवर पडतो. शिष्यवृत्त्यांसाठी अधिक पैसा हवा असेल तर मी आमदारांना आधी या उपकराची वसुली आणि त्याचा प्रत्यक्ष विनियोग यांचा वर्षनिहाय हिशेब मागेन, आणि तो हिशेब समोर आल्याशिवाय शिक्षणाच्या नावाने निघणाऱ्या कोणत्याही नव्या सोडतीला पाठिंबा देणार नाही.